हळू बोलायची तयारी

मुलाखतीत मी ओरडले. मला वाटत होतं मी नुसती बोलतेय. समोर लॅपटॉपच्या पडद्यावर संस्थेच्या दोन बायका आणि एक गृहस्थ होते. त्यांनी प्रश्न विचारले, मी खणखणीत उत्तरं दिली, आणि शेवटी त्यांतल्या वयस्कर ताईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, ‘तुमचं गणित शिकवणं छान आहे. पण तुम्ही आमच्यावर रागावलाय का?’ मी म्हणाले, ‘न्हाई हो! रागवीन कशाला?’ हेही इतक्या मोठ्यानं म्हणाले की तो गृहस्थ खुर्चीत मागं सरकला.

तरी माझी निवड झाली. मलावीतल्या एका मुलींच्या शाळेत वर्षभर गणित शिकवायचं, तिथंच राहायचं, तिथलंच खायचं. ताईंनी फोन करून अभिनंदन केलं आणि एक अटही घातली. जायच्या आधी हळू बोलायला शिका. तिथल्या मुली लाजऱ्या आहेत, पहिल्याच दिवशी तुम्ही अशा आवाजात हजेरी घेतलीत तर वर्गात कुणी उरणार नाही. मला राग आला. पण बाई खरं बोलत होत्या, त्यामुळं गिळला.

आता यात माझा काय दोष? आमचं घर वडगावात. बेळगावच्या या भागात गल्लीत शिरलं की आधी माग ऐकू येतात, मग माणसं दिसतात. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याचं शेड, त्यात आमचे पावरलूम. सकाळी बटण दाबलं की खडखडाट सुरू, तो रात्रीच्या जेवणापर्यंत. त्या आवाजात मी रांगले, पाढे पाठ केले, दहावी दिली. आमच्या गल्लीत दोन बायका कालवणाला काय केलंय एवढंच विचारत असल्या तरी बाहेरच्याला वाटतं, पेटलं वाटतं भांडण. निपाणीच्या शाळेत नोकरी लागली आणि मी तिथं खोली घेतली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरमालकीण धापा टाकत वर आली. ‘काय झालं गं? घरात कोण गेलं काय?’ मी आईला फोनवर विचारत होते, आमटीला चिंच किती घालू.

आप्पांचे कान मागांनी नेले. उभी हयात त्यांनी मागावर काढली. आधी फोनची घंटी गेली, मग कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग आईचा आवाज गेला. दवाखान्यात जायचं कुणाला सुचलंच नाही. आमच्याकडं विणकराचे कान जाणं म्हणजे केस पिकण्यासारखं. त्यांच्या वयाचा गल्लीतला प्रत्येक जण तसाच. आणि खरं सांगायचं तर अडतही नव्हतं. शेडमध्ये आवाजाचा उपयोग कुणालाच नसतो, तिथं आम्ही तोंडानं बोलतो. म्हणजे ओठ मोठमोठे हलवायचे, आवाज काढायचा नाही. वाचणारा वाचतो. जोडीला हात असतातच. चिमूट फिरवली की धागा तुटलाय, अंगठा ओठाला लावला की चहा आलाय, मिशीवरून बोट फिरवलं की साड्या न्यायला व्यापारी आलाय. मी हे चालायच्या आधी शिकले असेन. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी मैत्रिणीशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारायची आणि बाई शेवटपर्यंत शोधत राहायच्या, हसतंय कोण.

तेव्हा समोरासमोर आमचं बरं होतं. घोळ होता तो फोनचा. माझा भाऊ पुण्यात नोकरीला गेला त्याला बरीच वर्षं झाली. तो फोन करतो तेव्हा आई अर्धा तास बोलते. मग फोन ठेवून आप्पांच्या पुढ्यात उभी राहते आणि तोंड वासून सांगते, ‘बरा हाय! जेवला!’ आप्पा मान हलवतात. झालं. पोरगा पुण्यात काय करतो, कशावर हसतो, कशानं वैतागतो, आप्पांना यातलं काही माहीत नाही. त्यांच्यासाठी तो वर्षातून दोनदा दिसणारा आणि एरवी बरा असणारा, जेवलेला माणूस आहे. मी निपाणीत राहायची, पण शनिवारी दुपारची गाडी पकडून घरी यायची, त्यामुळं पाच दिवसांचं खपून जायचं. आता वर्ष होतं. वर्षभर मीही बरी असणार होते आणि जेवलेली असणार होते. हा विचार आला की मला बसवायचं नाही.

जायचं मात्र होतंच. का, ते विचारू नका. विचारलं की मी चिडते, कारण धड उत्तर माझ्यापाशी नाही. निपाणीच्या स्टँडवर उभी राहिले की मुंबईच्या, पुण्याच्या, हैदराबादच्या गाड्या समोरून जायच्या आणि मी नेहमीच्या बेळगाव गाडीत चढायची. तिशी आली तरी माझ्या पायांनी एवढाच रस्ता बघितला होता. कुठंतरी लांब जाऊन, जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं फळ्यापुढं उभं राहून बघायचं होतं की मी किती पाण्यात आहे. एवढंच.

सुट्टीत घरी आल्यावर आईला सांगितलं तेव्हा ती चाकावर सुताच्या कांड्या भरत होती. ‘आफ्रिका? तितं शिंव्ह असत्यात न्हवं?’

‘शाळेत नसत्यात गं आई.’

‘आन् लगीन?’

‘ते बी नसतंय शाळेत.’

तिनं चाकाला असा झटका दिला की सूतच तुटलं. मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी चटणी कुटायला बसली. किती, तर पूर्ण मलावीला पुरेल एवढी. आई राजी झाली हे मला त्यावरून कळलं.

आप्पांना मी शेडमध्येच सांगितलं, माग चालू असताना, तोंडानं. परदेशी चाललीय. वर्षभर. शिकवायला. त्यांनी माझे ओठ नीट बघितले. ‘कशाला?’

‘शिकवायला म्हणलं की.’

‘हितं पोरी न्हाईत?’

‘हायत. तितं बी हायत.’

त्यांनी चिमूट फिरवली. पलीकडच्या मागावर धागा तुटला होता. ते तिकडं गेले ते गेलेच. त्यानंतर या विषयावर चकार शब्द नाही. हो नाही, नको नाही. त्यांच्या मनात काय आहे याचा मला पत्ता लागेना, आणि ज्याचा पत्ता लागत नाही ते मला सहन होत नाही.

मग तयारी सुरू झाली आणि माझी घालमेलही. पिवळ्या तापाची लस घ्यायला गोव्याला जाऊन आले. बॅग भरायला अजून लई वेळ होता, तरी मी दर शनिवारी येऊन भरायची आणि रविवारी उपसायची. सूत तोलायच्या काट्याला ती अडकवून वजन बघायची. चटणी ठेवली की पुस्तकं बसत नव्हती, पुस्तकं ठेवली की आईचं तोंड उतरत होतं. शाळेत तास घेताना खिडकीतून हायवेचे ट्रक दिसले की माझं अर्धं लक्ष त्यांच्यामागं जायचं. पोरी गणित सोडवत असायच्या आणि मी बाकांमधून उगाच येरझाऱ्या घालायची. एक जण म्हणालीच, ‘मॅडम, बसा की जरा. आमाला चक्कर येतीया.’

हळू बोलायचा सरावही या पोरींवरच चालू होता. पहिल्या दिवशी मी आवाज निम्म्यावर आणला तर वर्गात चिडीचूप. मला वाटलं, वा, जमलं. तास संपल्यावर दोघी माझ्या टेबलाशी आल्या. ‘मॅडम, बरं न्हाई व्हय? का हेडसर काय बोललं तुमाला?’ दुसऱ्या दिवशी एकीनं आल्याची वडी आणून दिली. तरी मी चिकाटी सोडली नाही. महिनाभरात जमायला लागलं. घरमालकीणसुद्धा म्हणाली, ‘आजकाल हाय का न्हाई तेच कळंना तुझं.’

पण घरी त्याचा भलताच परिणाम झाला. एका शनिवारी मी अंगणात आप्पांना म्हणाले, पाणी तापलंय, अंघोळ करून घ्या. त्यांनी माझ्याकडं टक लावून बघितलं. ‘काय पुटपुटतीस?’ मी परत म्हणाले. परत तेच. मग माझ्या लक्षात आलं. आवाज हळू केला की ओठही लहान होतात. मी ओठ मिटूनमिटून बोलायला लागले होते, एखाद्या शहरी बाईसारखी, आणि आप्पांना माझं तोंड वाचता येत नव्हतं. म्हणजे तिकडच्या पोरींसाठी जितकं शिकत होते तितकी इकडं आप्पांपासून लांब होत होते. त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन एकटीच चरफडले.

मग व्हिडिओ कॉल करू, मी ठरवलं. ओठ दिसले की झालं, आवाजाची कटकटच नाही. आपण किती हुशार, असं वाटून मी खूश झाले. निपाणीच्या खोलीतून एका बुधवारी रंगीत तालीम घेतली. आईनं फोन धरला. आधी पंखा दिसला, मग आप्पांचं कपाळ, मग त्यांचा एक कान, ज्याचा काही उपयोग नव्हता. ‘खाली घे गं!’ शेवटी तोंड दिसलं. आप्पांनी शेडमधल्यासारखं, आवाज न काढता, मोठमोठे ओठ हलवून विचारलं, ‘शाळा सुटली?’ मी आनंदानं ओठ हलवले, ‘सुटली!’ आम्ही दोघं बोलायला लागलो आणि मध्ये आई घाबरीघुबरी. ‘आवाजच गेला की! कुनाचाच ऐकाय यीना!’ तिनं फोन हातावर आपटला. मग तो गुढघ्यावर आपटला. आणि तेवढ्यात आप्पांचं तोंड चौकोनाचौकोनांत फुटलं. ओठ एकीकडं, डोळे एकीकडं, आणि तिथंच थिजलं. नीट जमलं तेव्हा त्यांचं वाक्य केव्हाच संपलं होतं.

मी ताईंना फोन करून विचारलं, तिथलं इंटरनेट कसं आहे? त्या म्हणाल्या, साधा फोन लागतो, आवाज नीट येतो. चित्राच्या भरवशावर राहू नका, शाळेच्या भागात ते तुटतंच. निपाणीतून वडगावात तुटतंय तर तिथून काय टिकणार होतं? मी फोन ठेवला आणि खोलीतल्या खोलीत फिरत राहिले.

तेव्हा मी आप्पांना कानाच्या दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे ओढलं. ते म्हणत होते, ‘मला ऐकाय येतंय की.’ बेळगाव कॅम्पातल्या त्या दवाखान्यात काचेची एक बंद खोली होती. आत आप्पा, कानाला मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर मशीनपाशी एक मुलगी बसली होती, तिच्याजवळ मी. आप्पा धडाधड बटण दाबायला लागले. बरोबर दाबत होते. मुलगी चक्रावली. मग तिला कळलं की आप्पा तिच्या हाताकडं बघतायत. ती कळ फिरवते आणि हे बटण दाबतात. जन्मभर बघूनच ऐकलेला माणूस, तो दुसरं काय करणार! मला हसू फुटलं. तिनं आत जाऊन त्यांची खुर्ची भिंतीकडं फिरवली.

मग त्यांचा अंगठा थांबला. मुलगी कळ फिरवत होती, मला बाहेर बारीक पीं पीं ऐकू येत होतं, आणि आप्पा भिंतीकडं तोंड करून, अंगठा बटणावर ठेवून, शहाण्या पोरासारखे वाट बघत बसले होते. किती वेळ तरी. माझं हसू गेलं.

दोन्ही कानांना मशिनं मिळाली, बोटाच्या पेराएवढी. मुलीनं बजावलं, सवय व्हायला वेळ लागेल, मागाजवळ घालू नका, आणि फोन आला की स्पीकर चालू करून कानाशी धरा. घरी येईपर्यंत आप्पांचे डोळे नुसते भिरभिरत होते. ते स्वतःच्या चपलांकडं बघत चालत होते, कारण चपला वाजत होत्या. घरात आल्यावर फ्रिजपुढं उभे राहिले. ‘ह्यो रोज असाच रडतोय?’

आणि मग जेवायला बसलो. आता आईची एक सवय सांगायला हवी. आप्पांचे कान गेल्यापासून आई आपल्या मनातलं सगळं त्यांच्या समोरच, पूर्ण आवाजात बोलते. मान खाली घालून, वाढता वाढता, म्हणजे त्यांना ओठ दिसत नाहीत. त्या दिवशीही ती भाकरी वाढत म्हणाली, ‘गिळा आता. मीठ कमी म्हणून तोंड वाकडं कराय तेवढं लई येतंय.’

‘मीठ बरोबर हाय,’ आप्पा म्हणाले.

आईचा हात भाकरीसकट जागच्या जागी. मी तोंडात पदर कोंबला असता, पण मी ड्रेसमध्ये होते. आप्पा शांतपणे जेवत राहिले. नंतर आई मला स्वयंपाकघरात कोपऱ्यात घेऊन म्हणाली, ‘ते मशीन परत दिऊन ये. म्या काय आता घरात गप बसू व्हय?’

आईचं सोडा. आप्पांनीच दुसऱ्या दिवशी ते काढलं. बजावलं होतं तरी मशीन घालूनच शेडमध्ये गेले आणि कुणीतरी मागं लागल्यासारखे बाहेर आले. पायरीवर बसले, चेहरा पांढराफटक. ‘डोक्यात घण घातल्यागत झालं,’ म्हणाले. मी म्हणाले, तिथं घालायचं न्हवतंच, घरात घाला. ते नाही म्हणाले. घरात भांडी आदळतात, दार आदळतं, गल्लीत गाड्या हॉर्न वाजवतात. इतक्या वर्षांचं शांत डोकं, त्यात कशाला हा बाजार? मशीन डबीत गेलं, डबी देवाच्या फळीवर गेली.

दिवस जवळ येत चालले. दर शनिवारी मी यायची, फळीवरची डबी बघायची आणि आप्पांच्या तोंडाकडं बघायची. तोंडावर काही नाही. शेवटी एका रविवारी संध्याकाळी, माग बंद करून ते अंगणात हातपाय धूत होते, तिथं मी डबी घेऊन गेले. ‘आप्पा, हे घालायचं. फोनपुरतं. रोज थोडा वेळ. मी गेल्यावर बोलायचं कसं?’

‘आई हाय की,’ ते म्हणाले. ‘तू आईला सांग, आई मला सांगतीया.’

माझ्या डोक्यात काय शिरलं कळलं नाही. महिनाभर शिकलेलं हळू बोलणं एका क्षणात चुलीत गेलं. मी त्यांच्या पुढ्यात उभी राहून ओरडले, ‘मला आईकडनं बोलायचं न्हाई! मला तुमच्याशी बोलायचंय! तितं मला काय झालं, हितं तुमाला काय झालं, तर ते बी आईनंच सांगायचं व्हय? मग मी जातच न्हाई! बसा!’ शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई तशीच थांबली. आई दारात येऊन उभी राहिली. आप्पा माझं तोंड शेवटपर्यंत बघत होते. मग टॉवेल घेतला, चेहरा पुसला आणि आत निघून गेले. डबी माझ्या हातातच.

ती मी परत फळीवर ठेवली आणि गच्चीवर गेले. ठरवलं, सोमवारी ताईंना फोन करायचा आणि सांगायचं, येत नाही. एकदा ठरवलं की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

सोमवारी पहाटे नेहमीची कोल्हापूर गाडी पकडली. आप्पा उठले होते, पण माझ्याकडं न बघता चूळ भरत होते. मीही ‘येते’ म्हणाले नाही. गाडीत खिडकीला डोकं टेकून ताईंना काय सांगायचं ते जुळवत बसले. घरची अडचण म्हणावं? तब्येत म्हणावं? एक वाक्य जुळवायचं, ते खोटं वाटायचं, की दुसरं. मध्येच ठरवायची, नाही, जायचंच, मरू दे तो फोन. की लगेच काचेच्या खोलीतली त्यांची पाठ डोळ्यापुढं यायची. असं करता करता कंडक्टर माझ्या डोक्याशी येऊन उभा राहिला. ‘ओ मॅडम! निपाणीचं तिकीट न्हवं तुमचं? निपाणी मागं ऱ्हायलं की!’

इतकी वर्षं मी त्या स्टँडवर उतरतेय. झोपेतसुद्धा उतरले असते. आणि स्टँड येऊन गेला, माणसं उतरली, चढली, मला पत्ता नाही. कोगनोळीत गाडी थांबवून त्यानं मला उतरवलं. राज्याची हद्द, नाक्यावर ट्रकांची रांग, धूळ, हॉर्न. शाळेला उशीर होणार हे नक्की होतं. मी रस्ता ओलांडायला चहाच्या गाड्याजवळ उभी होते, स्वतःला शिव्या घालत, आणि फोन वाजला. आईचा नंबर.

‘हॅलो,’ असं आप्पा म्हणाले.

आप्पांनी जन्मात कधी फोन केला नव्हता. आप्पा फोन करतायत म्हणजे आईला काहीतरी झालंय, दुसरं कारणच नाही. ‘आप्पा! काय झालं? आई कुटं हाय? आप्पा!’ मी जीव खाऊन ओरडत होते. बाजूनं एक ट्रक भोंगा वाजवत गेला. ‘आप्पा, आईला द्या!’

‘वरडू नगंस,’ आप्पा म्हणाले. ‘ऐकाय येतंय.’

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

‘आईला काय धाड भरलीया? नंबर तिनंच लावून दिला. खाली धाडली तिला. मी गच्चीवर आलोय, हितं मागांचा तरास कमी हाय.’

‘मशीन घातलंय?’

‘मग काय नुसतंच ऐकाय येतंय व्हय?’ ते म्हणाले. ‘काल काय म्हणालीस ते परत म्हण.’

‘जाऊ द्या हो आप्पा. रागात काय तरी बोलले.’

‘तोंड वाचलं म्या. आवाज कुटं ऐकला? म्हण परत. हळू म्हण.’

मी चहाच्या गाड्याच्या मागं गेले, रस्त्याकडं पाठ केली आणि फोनवर हात धरला. कुणासाठी सराव करत नव्हते, तरी आवाज आपोआप खाली आला. ‘मला तुमच्याशी बोलायचंय आप्पा. आईकडनं न्हाई. तुमच्याशी.’

‘एवढंच म्हणालीतीस?’

‘व्हय.’

‘मला वाटलं शिव्या घालाय लागलीस.’

‘तोंड वाचलं म्हणताय न्हवं?’

‘शब्द वाचलं की गं. पर तोंड रागाचं हुतं. समद्यांचंच असतंय. तुझं, आईचं, त्या पुण्यातल्याचं. माझ्याम्होरं आलं की भुवया वर, डोळं मोठं, तोंड वासून बोलत्यात. मला वाटायचं, ह्यास्नी माझा कटाळा आलाय. म्हातारा झालो, आता कटाळा येणारच.’

त्यांना कळावं म्हणून आम्ही मोठं तोंड करून बोलत होतो. सगळे, इतकी वर्षं, रोज. आणि ते आमच्या मध्ये बसून, चिडलेली माणसं बघत, गुमान जेवत होते. एकदाही म्हणाले नाहीत. ‘न्हाई हो आप्पा,’ मी म्हणाले, ‘कुनालाच कटाळा न्हाई आला. तुमाला ऐकाय यावं म्हणून वरडतोय आमी.’

‘ते आत्ता कळालं की. तुझ्या आवाजात राग न्हाईच.’ मग म्हणाले, ‘आत्ता कुटं ऐकाय आलीस, आन् चाललीस.’

मला रडू आवरेना. चहावाला किटली हातात धरून बघत होता, बघू दे म्हटलं. ‘नको जाऊ म्हणताय, आप्पा?’

‘मी कुटं तसं म्हणलं?’ आप्पांचा आवाज चढला, घरच्यासारखा. ‘जा की. ठरलंय न्हवं? पर तितनं बी असंच बोल. मशीन हाय मला.’

‘बोलते.’

‘उद्या कितीला करतीस फोन?’

‘शाळा सुटल्यावर. संध्याकाळी.’

‘सकाळी बी कर,’ आप्पा म्हणाले.